भोपळ्याच्या चौदा गुंठ्यांतला प्रबंध

पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचं, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि प्रबंधाला १२ क्रेडिट असतात. ते जमलं की सगळे विचारतात, विषय काय? आमच्या वर्गात तेव्हा एकच नाव होतं, कास. मलाही तेच हवं होतं. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं पठार, घरापासून दीड-दोन तासांवर. पण तिथे काम करायचं तर वन खात्याची लेखी परवानगी लागते. फुलांचा भर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर एवढाच, आणि त्यातले कितीतरी दिवस धुक्यापावसात जातात. तुमच्या हातात हंगाम एकच असतो. म्हणून माझं पहिलं सांगणं असं: जिथे तुम्ही स्वतःच्या पायांनी चाळीस वेळा जाऊ शकता, तीच जागा निवडा.

माझी जागा म्हणजे कोरेगाव तालुक्यातलं आमचं चौदा गुंठ्यांचं रान. महाबळेश्वरजवळचं मांघर हे मधाचं गाव झालं तेव्हापासून मधमाश्या डोक्यात होत्या. वेलवर्गीय भाज्यांवर कोणत्या माश्या येतात ते पाहायचं ठरवलं आणि सुरुवात दोडक्यापासून केली. तीन दिवस सकाळी सातला मांडवाखाली जाऊन बसले. फूल उघडंच दिसेना. पलीकडे आई भांगलत होती. ती म्हणाली, "अगं, दोडका सांजच्याला फुलतो. सकाळी काय बघतीस?" विषयाचा कागद मार्गदर्शक मॅडमना देण्याआधी त्या रानात रोज राबणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोला. माझे तीन दिवस वाचले असते.

मग लाल भोपळा घेतला. त्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, त्यामुळे कॉलेजची साडेदहाची वेळ सांभाळता यायची. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा आधीच दिसतो. पराग चिकट आणि जड, वाऱ्याने जात नाही. म्हणजे माशी आली नाही तर तो छोटा भोपळा पिवळा पडून गळतो. इथे प्रश्न आपोआप लहान आणि नेमका झाला: आमच्या रानात हे काम कोणती माशी करते, आणि ती पुरेशी आहे का?

'पुरेशी आहे का' हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी मादी फुलांचे तीन गट केले. पहिल्या गटातल्या कळ्यांना आदल्या संध्याकाळी मलमलच्या पिशव्या बांधल्या आणि फूल मिटेपर्यंत काढल्या नाहीत. दुसऱ्या गटाची फुलं उघडी ठेवली. तिसऱ्या गटाला पिशवी बांधली, पण सकाळी ती सोडून नर फुलाचे केसर कुक्षीवर (मादी फुलात पराग झेलणाऱ्या भागावर) स्वतःच्या हाताने फिरवले आणि पुन्हा बांधली. सातव्या दिवशी टिकलेली फळं मोजली. पहिल्या गटातलं एकही टिकलं नाही. उघड्या फुलांची फळधारणा हाताने केलेल्यांपेक्षा बरीच कमी असेल, तर माश्या कमी पडतात असं म्हणायला आधार मिळतो. तिसरा गट नसता तर हे वाक्य मला लिहिताच आलं नसतं. खुणेसाठी तीन रंगांची लोकर आणि सोनार दागिन्याला बांधतात तसल्या दोऱ्याच्या चिठ्ठ्या वापरल्या. सगळा खर्च दोनशेच्या आत.

नेमक्या इथे माझी मोठी चूक झाली. प्रत्येक गटात तीस फुलं घेतली म्हणून मी खूश होते. मॅडमनी वही उलटली आणि एवढंच विचारलं, "वेल किती?" पाच. एका वेलाची फुलं म्हणजे एकाच घरातली भावंडं. वेल अशक्त असेल तर तिची सगळीच फळं गळणार, त्यात माशीचा दोष नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरुवात केली: तीस वेल, प्रत्येक वेलावर तिन्ही गटांचं एकेक फूल. हे मार्गदर्शकांना पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, कारण हंगाम सरल्यावर कुठलंही सॉफ्टवेअर ही चूक निस्तरत नाही.

वही पेन्सिलीने लिहा. माझी दोन सकाळची पानं जेल पेनची होती, पावसात निळी झाली. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा, आणि शेजारी काय चाललंय तेही लिहा. एका सकाळी माश्या जवळजवळ आल्याच नाहीत. आदल्या संध्याकाळी शेजारच्या रानात फवारणी झाली होती. ती ओळ वहीत होती म्हणून पुढे चर्चेच्या प्रकरणात एक पूर्ण परिच्छेद झाला.

माशी ओळखताना घाई नको. सातेरी, फुलोरी आणि आग्या या मधमाश्यांत आठवडाभरात नजर बसते. काळे भुंगे आणि बारक्या डंखहीन माश्या मात्र अवघड. वरून, बाजूने आणि तोंडासमोरून असे तीन फोटो घ्या. खात्री नसेल तर प्रजाती न लिहिता फक्त वंशाचं (जीनसचं) नाव द्या. परीक्षक त्याला कधी नावं ठेवत नाहीत, चुकीच्या प्रजातीला ठेवतात.

एक्सेलमध्ये एका फुलाला एक ओळ. मूळ फाइल बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. फळ टिकलं की गळलं ही माहिती हो-नाहीची असते, तिला सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट लावायची नाही. मी एकाच वेलावरच्या फुलांच्या जोड्या लावून मॅकनेमार चाचणी केली, ती अशा जोडीतल्या हो-नाही उत्तरांसाठीच असते.

लिहिताना प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. 'पद्धती' हे प्रकरण पिशव्या बांधता त्याच आठवड्यात लिहून टाका, मग तक्ते, मग निष्कर्ष आणि सगळ्यात शेवटी प्रस्तावना. जगातल्या ११५ मुख्य अन्नपिकांपैकी ८७ पिकं प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर कमीअधिक अवलंबून आहेत, हा आकडा सगळेच देतात. तो २००७ च्या मूळ शोधनिबंधात जाऊन स्वतः वाचा आणि मगच द्या. माझं शिक्षण मराठीत झालं, इंग्रजीची धास्ती होती. मी प्रत्येक परिच्छेद आधी आईला सांगते आहे असा मराठीत लिहिला, मग छोट्या वाक्यांत इंग्रजीत पुन्हा. उचलेगिरीच्या तपासणीत साम्य १० टक्क्यांच्या आत लागतं. अशा लिहिण्याने ते आपोआप राहिलं.

बाइंडिंगला किमान चार दिवस हाताशी ठेवा. एप्रिलमध्ये साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या दुकानांत सगळ्या कॉलेजांची गर्दी एकदमच होते.

दोडक्याचा विषय मी सोडला, पण तो चांगला आहे आणि आमच्या विभागात तो अजून कोणी घेतलेला नाही. घेणार असाल तर दिवस मावळायच्या अर्धा तास आधी मांडवाखाली बसा, आणि अंधार पडल्यावर फुलांवर येणारे पतंग बुजू नयेत म्हणून टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावा.