अंगठ्याची भरपाई कमी काढली होती, हिशोब असा दुरुस्त करून घेतला

2022 ला प्रेस मशीनवर भावाच्या उजव्या हाताचा अंगठा गेला, वय 40, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नव्हतं. कंपनीने नुसतं बेसिक 9000 धरून 2,98,355 काढले. मग 2025 पर्यंत लागू असलेला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा काढून बसलो, त्यात पगार म्हणजे भत्ते पण धरायचे, प्रवासभत्ता आणि पीएफचा कंपनीचा वाटा वगैरे सोडून. सगळं धरून पगार 15000 च्या वर जात होता, पण तेव्हा मर्यादाच 15000. त्याचे 60 टक्के 9000, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला 40 वयाचा फॅक्टर 184.17, आणि त्याचे 30 टक्के कारण कायद्याच्या परिशिष्टात अख्ख्या अंगठ्याला तेवढेच लिहिले होते, म्हणजे 4,97,259. हातावर पोट असलेल्या माणसाचे दोन लाख असे कसे सोडायचे! पगाराच्या स्लिपा जोडून या कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज टाकला, महिन्याभरात न दिल्याचं 12 टक्के व्याजही मागितलं, तेव्हा कुठे कंपनीने पूर्ण रक्कम व्याजासकट आयुक्तांकडे जमा केली.