फिलाडेल्फियाचा 'जॉन' कसा ओळखायचा, कसा वापरायचा

फिलाडेल्फियात शिकायला किंवा नोकरीला येताय ना, मग कधीतरी कुणीतरी तुम्हाला "पास मी दॅट जॉन" म्हणणार आणि तुम्ही इकडेतिकडे बघणार की हा जॉन कोण. माणूस नाहीये तो, तिथल्या बोलीतला शब्द आहे, jawn. आपण घरात म्हणतो बघा, "अगं ते हे दे ना जरा", त्यातलं 'हे' म्हणजे जॉन. वस्तू, जागा, कार्यक्रम, गाणं, बूट, काहीही चालतं.

आधी उच्चार. माणसाच्या नावातला 'ऑ' अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'आ'कडे झुकतो, जवळजवळ 'जान', हा मात्र ओठ गोल करून लांबवायचा, जॉऽन.

अर्थ लावताना आधी काय बोलणं झालं आणि समोरच्याची नजर कुठाय ते बघा. हातात चीजस्टेक (मांस आणि चीज घातलेलं सँडविच) असेल तर "धिस जॉन इज गुड" म्हणजे तो चीजस्टेक, आणि "दॅट न्यू जॉन ऑन साउथ स्ट्रीट" म्हणजे तिथलं नवीन हॉटेल असू शकतं. "ब्रिंग दॅट जॉन टू द जॉन" असंही म्हणतात, म्हणजे समजा तो स्पीकर पार्टीला घेऊन ये, ज्यांचं आधी ठरलंय त्यांना बरोब्बर कळतं. अनेक असतील तर जॉन्स. फक्त एक फरक आहे आणि मला तोच फार आवडतो, आपलं 'हे' नाव आठवेना की येतं, पण इथे नाव जिभेवर असतानाही जॉनच म्हणतात, त्यात आपल्या गावाचा जिव्हाळा आहे.

आला कुठून? अभ्यासक सांगतात 'जॉइंट'वरून. १९व्या शतकात अमेरिकेत जॉइंट म्हणजे अड्डा, अफूचा वगैरे, मग कुठलीही जागा, मग १९८० च्या आसपास न्यूयॉर्कच्या हिपहॉपमध्ये एखाद्या भारी गोष्टीला जॉइंट म्हणायला लागले. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलण्यात त्याचा शेवटचा 'ट' गळला, आणि भारी असो की भिकार, सगळ्यालाच जॉन झालं. २०१५ च्या 'क्रीड' सिनेमात तर नायिका नायकाला हा शब्द समजावून सांगते.

एक मात्र पाळा. काही पुरुष बाईलाही जॉन म्हणतात, ते अपमानकारक आहे, तुम्ही अजिबात म्हणू नका. तिथल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलण्याच्या ढंगाची नक्कलही करू नका, ज्यांची भाषा आहे त्यांना ते लागतं.

पहिल्यांदा वापरायचाच तर ओळखीच्या मित्रासोबत, खाण्यावरून सुरुवात करा. त्याच्या ताटाकडे बोट दाखवून "हाउज दॅट जॉन?" एवढंच विचारा.