पाळणाघर सुरू झाल्यावर बाळाची दुपारची झोप बिघडली? या चुका टाळा

पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी साडेसहाला पाळणाघराच्या दारात उभी राहून मी एकच विचारायचे, "दुपारी झोपली होती का?" काकू रोज तेच सांगायच्या, "हो तर, छान झोपली." आणि रिक्षात बसून दोन मिनिटं होत नाहीत तोच लेकीची मान माझ्या खांद्यावर कलंडायची. घरी आल्यावर रडारड, भाताचा घास तोंडाशी नेला की मान फिरवणं, आणि डोळा लागायला रात्रीचे साडेदहा. 'छान झोपली' म्हणजे सव्वाबारा ते बारा पंचावन्न, हे मला नवव्या दिवशी कळलं. घरी हीच पोर दुपारी दीड तास हलायची नाही.

काकूंचं यात काही चुकलं नव्हतं. दहा मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या लेखी चाळीस मिनिटं शांत झोपलेलं बाळ म्हणजे छान झोपलेलंच बाळ. प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघमच येणार. तेव्हा पहिली सुधारणा इथून करा. बाळाच्या पिशवीत एक छोटी वही ठेवा आणि मावशींना फक्त आकडे लिहायला सांगा: किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, आपणहून उठलं की आवाजाने, दूध किती घेतलं. त्यांना जास्त लिहायला वेळ नसतो, आणि आपल्यालाही जास्त नको असतं.

आठवडाभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्यावर मला दिसलं की लेक रोज पस्तीस-चाळीस मिनिटांनीच उठते. लहान बाळांच्या झोपेचं एक आवर्तन साधारण तेवढ्याच वेळाचं असतं. ते संपलं की बाळ जरासं चाळवतं, आणि आजूबाजूला शांतता असेल तर पुन्हा झोपेत उतरतं. घरी ती चाळवली की पाठीवर हात पडायचा. पाळणाघरात नेमकी त्याच सुमारास बालवाडीची मुलं परतायची. चपला काढणं, डबे उघडणं, "मावशी, याने मला ढकललं!" काकूंना वही दाखवली तर त्यांनीच तिची गादी आतल्या खोलीत, दारापासून लांब हलवली. पंखा एकचा दोनवर केला, त्याच्या घरघरीत बाहेरचा आवाज बुडतो. रोज नाही, पण आठवड्यातून तीन दिवस झोप तासाच्या पुढे जायला लागली.

घरची झोप तिथे जशीच्या तशी हवी, हा हट्ट

पगारी प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. त्यामुळे पुष्कळ बाळं सहाव्या-सातव्या महिन्यात पाळणाघराची पायरी चढतात. नेमकं तेव्हाच दिवसाच्या तीन झोपांच्या दोन होत असतात, दात शिवशिवत असतात, वरचं अन्न सुरू झालेलं असतं. आठव्या-नवव्या महिन्यात आई नजरेआड झाली की घाबरणं सुरू होतं. एवढं सगळं एकदम चालू असताना नव्या जागेत, नव्या वासात, नव्या हातांवर झोप थोडी तुटणारच. दोन ते चार आठवडे त्यासाठी मोकळ्या मनाने द्या.

हिशेब दिवसाच्या झोपेचा वेगळा न करता चोवीस तासांचा करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. समजा, तुमचं आठ महिन्यांचं बाळ घरी रात्री ११ आणि दिवसा ३ तास झोपायचं. पाळणाघरात दिवसाचे ३ तासांवरून दीडवर आले, तर उरलेला दीड तास रात्रीच्या खात्यातूनच भरून निघू शकतो. सकाळी तर सातला उठवावंच लागतं, म्हणजे रात्र अलीकडे सरकायला हवी. पाळणाघरातली दुपार आपल्या हातात नसते. संध्याकाळ असते. मला हे कळायला महिना गेला, म्हणून ठासून सांगते.

बाबा येईपर्यंत जागं ठेवणं

आपल्याकडे सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत प्रेमाने होणारी चूक हीच. बाबा लोकलने नऊला घरी पोचतात, दिवसभर लेकरू दिसलेलं नसतं, आजी म्हणते, "थांब गं, त्याला बघू दे तिला जरा." साडेसातला डोळे चोळणारं बाळ आठला कुरकुरतं आणि पावणेनऊला एकदम चेकाळतं: हसतं, ओरडतं, गादीवर लोळण घेतं. सगळ्यांना वाटतं, बघा, हिला कुठे झोप आलीय! पण अति दमलेलं बाळ मोठ्या माणसासारखं सुस्त पडत नाही. झोपेची वेळ टळली की ते आणखी तरतरीत दिसतं, आणि मग झोपवताना तासभर रडतं, रात्रीतून चार वेळा उठतं, सकाळी चिरचिरं होऊन पाळणाघरात जातं. तिथे ते आधीच दमलेलं असल्यामुळे दुपारची झोपही तुटते. हे चक्र दुपारच्या बाजूने सुटत नाही, रात्र अलीकडे आणूनच सुटतं.

आम्ही बाबांची वेळ सकाळी हलवली. सहा चाळीसला लेक उठली की मालीश आणि अंघोळ बाबांकडे. खोबरेल तेलाची वाटी कोमट पाण्यात ठेवणं, पायांच्या तळव्यांना तेल जिरवणं, टॉवेलात गुंडाळून खिडकीत कावळे दाखवणं. अर्धा तास, पण पूर्ण जाग्या बाळासोबतचा. रात्री नऊला मिळणाऱ्या रडक्या वीस मिनिटांपेक्षा तो कितीतरी मोलाचा आहे, असं नवऱ्याने स्वतःच आजीला सांगितलं, आणि वादही मिटला.

संध्याकाळचा आमचा क्रम असा: पावणेसातला घर, सातपर्यंत मऊ भात किंवा खिमट, हातपाय पुसून कपडे बदलणं, मोठा दिवा बंद, दूध, सव्वासात-साडेसातला अंथरूण. जे बाळ आत्ता दहाला झोपतं त्याला उद्या साडेसातला आडवं करू नका, ते नुसतं रडेल. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या.

रिक्षातली डुलकी

परतीच्या वाटेवरची दहा मिनिटांची डुलकी दिसायला निरुपद्रवी. पण तेवढ्याने दिवसभराच्या झोपेची धार बोथट होते आणि पुढचे दोन तास बाळ झोपायला तयार होत नाही. इथे वय बघा. सहा-सात महिन्यांचं बाळ असेल आणि शेवटची झोप तीनच्या आधी संपली असेल, तर ती डुलकी त्याची हक्काची तिसरी झोप आहे. वीस-तीस मिनिटं होऊ द्या आणि रात्रीची वेळ अर्ध्या तासाने पुढे घ्या. नऊ-दहा महिन्यांपुढे मात्र जागं ठेवून घरी आणणं सोपं पडतं: बाहेर तोंड करून मांडीवर घ्या, वाऱ्याची झुळूक लागू द्या, गाणी म्हणा, बस-गाई-दिवे दाखवा. चालत्या गाडीत तोंडात खाऊ देऊ नका, घशात अडकतो. कारच्या सीटवर झोपलंच, तर घरी पोचल्याबरोबर सपाट गादीवर ठेवा, सीटमध्ये तसंच झोपू देऊ नका.

"दुपारी झोपवूच नका, म्हणजे रात्री लवकर झोपेल"

ही विनंती पाळणाघरांना फार वेळा केली जाते, असं काकू सांगतात. वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाची दुपारची झोप तोडली की रात्र सुधारत नाही, बिघडते. हो, झोप फार उशिरा होत असेल, म्हणजे बाळ चार-साडेचारला झोपून साडेपाचला उठत असेल, तर मावशींना सांगा की आधीच झोपवा, म्हणजे चारच्या सुमारास अलगद उठवता येईल. वेळ अलीकडे आणायची, झोप काढून घ्यायची नाही.

याच्याच जोडीची दुसरी घाई म्हणजे दोनाची एक झोप लवकर करणं. पाळणाघरात मोठ्या मुलांच्या वेळापत्रकात बसावं म्हणून अकरा महिन्यांच्या बाळाची सकाळची झोप बंद होते. बहुतेक मुलं १३ ते १८ महिन्यांदरम्यान एका झोपेवर येतात. आठवडाभर सकाळची झोप नाकारली म्हणजे ती संपली असं नव्हे, चालायला लागताना किंवा दात येताना असं होतं. दोन आठवडे थांबून बघा, आणि तोवर मावशींना नऊ-साडेनऊला एवढंच करायला सांगा: गादीवर आडवं करा, झोपलं तर झोपलं.

झोळी, उशी आणि झोपायची जागा

साडीच्या झोळीत झोके घेत झोपणारं बाळ पाळणाघरातल्या सपाट गादीवर पहिल्याच दिवशी कसं झोपेल? मात्र झोळी आणि आई दोन्ही एकाच सोमवारी सोडायला लावू नका. रुजू व्हायच्या तीन आठवडे आधीपासून दिवसाची निदान एक झोप गादीवर सुरू करा. आधी झोका कमी, मग नुसतं थोपटणं. रात्री आपल्या अंथरुणात ठेवलेली सुती चादर सोबत द्या आणि ती गादीला घट्ट ताणून, खाली खोचून घालायला सांगा. ओळखीचा वास मिळतो आणि तोंडावर काही येत नाही.

इथे संकोच न करता विचारा, आणि स्वतः आत जाऊन बघा: बाळाला पाठीवर झोपवतात का? गादी सपाट आणि घट्ट आहे का? वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात उशी नको, लोड नको, सैल दुपटं नको, मऊ खेळणी नकोत. डोक्याला आकार यावा म्हणून आपण देतो ती मोहरीची उशीसुद्धा नको. झुलत्या खुर्चीत किंवा झोपाळ्यात तासभर झोपू देत असतील, तर गादीवर हलवायची विनंती करा. बाळाची झोप दहा मिनिटांनी तुटली तरी चालेल.

झोपेसाठी काहीही चाटवणं

जायफळ उगाळून चाटवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि सांगणारी माणसं मायेची असतात. पण जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, मात्रा वाढली की ते विषारी ठरतं, आणि सहाणेवरच्या वेढ्यांवरून नेमकी मात्रा कळत नाही. सर्दीचं औषध दिलं की बाळ गप्प झोपतं, म्हणून ते देणं तर त्याहून वाईट. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापायला २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी सांगितलं. मुंबईत कापडगिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला 'बाळगोळी' देऊन जायच्या, तिच्यात अफू असायची. घरी सांभाळायला कुणी नाही आणि पाळी बुडवून चालत नाही, अशी त्यांची अडचण होती. आपल्याला सुदैवाने ती वेळ नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय बाळाला काहीही देऊ नका, आणि हे पाळणाघरातही स्पष्ट सांगून ठेवा.

ज्यांच्या ऑफिसातच पाळणाघर आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार भेटी, ही तरतूद कायद्यात आहे. त्या भेटी जरूर घ्या, पण झोपेच्या तोंडावर जाऊन, जवळ घेऊन, लगेच निघून येऊ नका. बाळ उठल्यावर जा, दूध पाजा, पोट भरू द्या.

पोटाचा विषय निघालाच, तर हेही: काही अंगावर पिणारी बाळं दिवसा वाटी-चमच्याने जेमतेम घेतात आणि रात्री तीन-तीनदा उठून कसर भरून काढतात. झोपेची सवय बिघडली असं वाटतं, पण ती भूक असते. सकाळी निघताना आणि आणायला गेल्यावर तिथेच, शांतपणे पोटभर पाजलं की रात्रीच्या फेऱ्या हळूहळू कमी होतात.

रविवारी पाळणाघराचं घड्याळ तंतोतंत पाळायची गरज नाही. बाळ जास्त झोपलं तर आठवड्याची थकबाकी फेडतंय. फक्त सकाळी उठायची वेळ अर्ध्या तासापेक्षा जास्त हलवू नका, आणि दुपारची झोप लग्नाच्या हॉलमध्ये होईल असा बेत पहिल्या दोन महिन्यांत तरी करू नका.

पाळणाघराच्या पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला लागोपाठ येतो. नाक चोंदलं की झोप मोडणारच, त्या दिवसांत कडेवर झोपवा, नंतर पुन्हा रुळावर आणता येतं. पण बाळ रोज रात्री मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखं वाटत असेल, नेहमीपेक्षा खूप कमी वेळा लंगोट ओलं होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि हलवूनही नीट जागं होत नसेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

आमची लेक आता चौदा महिन्यांची आहे. वहीत कालची नोंद आहे: सव्वाबारा ते एक दहा, आपणहून उठली, वरणभात संपवला. रात्री सात पंचवीसला झोपली.