जुनी नावाजलेली शाळा की घराजवळची नवी? अशी करा निवड

पुण्याजवळच्या रावेत, पुनावळे, वाकड भागात राहायला आलेल्या घरांत हिवाळा लागला की एकच चर्चा सुरू होते. काका-आत्या जिथे शिकले ती गावातली जुनी शाळा, की सोसायटीच्या मागे नुकतीच उभी राहिलेली नवी? आजी-आजोबांचा ओढा जुनीकडे असतो आणि बसच्या वेळा पाहून आईचा जीव नवीकडे झुकतो.

माझं मत आधीच सांगते: शाळेच्या वयावरून काहीच ठरवू नका. पुण्यातलं न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली सुरू झालं, तेव्हा तेही नवखंच होतं. पण विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि मागाहून आगरकर अशी माणसं तिथे स्वतः वर्गावर जात होती. आपल्या मुलाच्या वर्गात कोण उभं राहणार, शोधायचं आहे ते एवढंच.

१. आधी कागद पाहा

नव्या शाळेच्या बाबतीत ही पायरी कधीच गाळू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, चालवली तर १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही शिक्षण विभागाला अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर कराव्या लागतातच. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला तिचा ओळख क्रमांक, मागा आणि सरकारी पोर्टलवर टाकून पाहा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. तिथला पत्ता, मंडळ आणि इयत्ता शाळेच्या सांगण्याशी जुळतात का, ते बघा.

फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलं म्हणजे संलग्नता, म्हणजे त्या मंडळाची अधिकृत मंजुरी, आहे असं नाही. संलग्नता आहे का आणि कितवीपर्यंत, हे स्पष्ट विचारा. नववीतच मंडळाकडे नोंदणी होते, त्यामुळे तोवर संलग्नता नसेल तर मुलांची फरपट होते. संलग्न शाळेला संलग्नतेचं पत्र, अग्निसुरक्षेचा दाखला, इमारतीच्या सुरक्षिततेचा दाखला हे सगळं आपल्या वेबसाइटवर ठेवावं लागतं. “अर्ज केलाय, येईलच” असं उत्तर मिळालं, तर त्या वर्षी प्रवेश घेऊ नका.

२. शिक्षकांची चौकशी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. “पहिलीला सध्या कोण बाई आहेत? त्या इथे किती वर्षं आहेत? गेल्या वर्षभरात किती शिक्षक सोडून गेले?” हे तीन प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा आणि तेच फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पालकांनाही विचारा. दोन्हीकडची उत्तरं जुळली पाहिजेत.

अनुदानित जुन्या शाळेत पगार शासनाकडून येतो, म्हणून माणसं टिकतात. पण शाळेचं नाव ज्यांनी कमावलं ते शिक्षक कधीच निवृत्त झालेले असू शकतात आणि रिकाम्या जागा तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे घेणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकांनी, भरलेल्या असू शकतात. नव्या शाळेत उत्साही तरुण शिक्षक भेटतात, पण पगार तुटपुंजा असेल तर दिवाळीनंतर वर्गाला नव्या बाई येतात. सहा वर्षांच्या मुलाला ते फार जड जातं. कायद्याचं प्रमाण पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक असं आहे. तुकडीत प्रत्यक्षात किती मुलं बसतात, ते दारातून मोजा.

जुन्या शाळेने दहावीचा शंभर टक्के निकाल सांगितला, तर आणखी एक विचारा: या तुकडीत नववीला किती मुलं होती आणि दहावीला किती बसली? मधल्या मधे बरीच मुलं गळाली असतील, तर त्या निकालावर भाळू नका.

३. वह्या चाळा

तुमच्या मुलापेक्षा एखाद-दोन इयत्ता पुढच्या मुलाची वही मागून घ्या, शेजारपाजारी कोणीतरी मिळतंच. ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात चार मुलांच्या वह्यांत तीच दहा वाक्यं असतील, तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. एका वहीत मांजर, दुसरीत शेळी, शुद्धलेखनाच्या चुका आणि बाईंनी समासात लिहिलेला एखादा प्रश्न दिसला, तर तिथे शिकवणं चालू आहे. शेवटची लाल सही कोणत्या तारखेची आहे, तेही बघा. मला विचाराल तर माहितीपत्रकापेक्षा मी या वहीवर विश्वास ठेवीन.

४. मधल्या सुट्टीत जा

स्नेहसंमेलनाच्या किंवा पालकभेटीच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी जा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का, मुलं मैदानावर धावतात की मैदान नुसतं माहितीपत्रकात आहे? घर ते शाळा हा प्रवास एकदा ऐन शाळेच्या वेळी करून पाहा, रविवारी केलेल्या फेरीवरून अंदाज येत नाही.

५. पैशाचं बोला

देणगी मागणं बेकायदा आहे, लहान मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश देणंही. खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवावी लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं लागू राहते. ही समिती नेमली आहे का, ते विचारा. बस, गणवेश, पुस्तकं धरून वर्षाचा आकडा लेखी घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा.

६. तरीही ठरत नसेल तर

मान्यता पक्की आणि शिक्षक चांगले असतील, तर सुरुवातीच्या वर्षांसाठी जवळच्या शाळेला झुकतं माप द्या. लहान मुलाचा बसमधला वेळ वाचणं ही खरी कमाई आहे. मग मूल तिसरी-चौथीत असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवरची चौकशी पुन्हा करा. अनेक जुन्या माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, त्यामुळे त्या वर्षी बाहेरच्या मुलांना तिथे जागा मिळू शकते. त्या प्रवेशाचे अर्ज कधी निघतात, ते शाळेच्या कार्यालयात आदल्या वर्षीच विचारून ठेवा.