स्ट्रक्चरल ऑडिट करताय? विम्याच्या या चुका टाळा

मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार इमारत सुस्थितीत असल्याचा नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला लागतो. त्याखाली सही आपली, म्हणजे इंजिनियरची, असते. उद्या सज्जा कोसळला की सोसायटीचा वकील आधी ती सही शोधतो. त्यासाठीच आपण प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे कामातल्या चुकीची भरपाई देणारा विमा, घेतो, पण ती कशी चालते हे बहुतेकांना क्लेम आल्यावरच कळतं.

मलाही तसंच कळलं. लॉकडाऊनमध्ये कामं थांबली, म्हणून २०२० मध्ये मी रिन्यूअल केलं नाही. पुढच्या वर्षी नवी पॉलिसी घेतली. त्यानंतर काही महिन्यांनी, २०१८ मध्ये तपासलेल्या एका सोसायटीची नोटीस आली. बाल्कनीचा कठडा निखळून खालच्या गाडीवर पडला होता. मी निर्धास्तपणे कागद पाठवले आणि क्लेम नाकारला गेला. विमा कंपनीचं काही चुकलं नव्हतं. ही पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ असते. क्लेम येतो त्या दिवशी ती चालू हवी आणि ज्या कामाबद्दल तक्रार आहे ते काम ‘रेट्रोॲक्टिव्ह’ तारखेनंतरचं, म्हणजे पॉलिसीत जिथून संरक्षण सुरू होतं असं लिहिलंय त्या तारखेनंतरचं हवं. मधे खंड पडल्यावर माझी ती तारीख २०२१ ची झाली होती. आधीच्या सगळ्या रिपोर्टांचं संरक्षण एका न भरलेल्या प्रीमियममुळे गेलं.

आपल्या धंद्यात हे जास्त जपायला हवं, कारण सळईचा गंज वर्षानुवर्षं आत वाढत राहतो आणि प्लास्टर फुटल्यावरच दिसतो. म्हणून रिन्यूअलच्या आधी शेड्यूलमधली, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावरची, ही रेट्रोॲक्टिव्ह तारीख वाचा. विमा कंपनी बदललीत तरी जुनीच तारीख लिहून घ्या. एकट्याच्या नावावरच्या फर्मची (प्रोप्रायटरशिपची) एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी केलीत, तर जुन्या नावाने दिलेले रिपोर्टही पॉलिसीत धरले आहेत का, ते लेखी विचारा. निवृत्त होणाऱ्यांनी पुढे येणाऱ्या क्लेमसाठी वाढीव मुदत मिळते का, ते पाहावं.

रकमेतही गफलत होते. एक कोटीची पॉलिसी म्हणजे प्रत्येक क्लेमला एक कोटी असं नाही. वर्षाची मर्यादा एक कोटी आणि एका घटनेच्या व वर्षाच्या मर्यादेचं प्रमाण १:२ असेल, तर एका घटनेला ५० लाखच मिळतात. वकिलाची फीसुद्धा बहुधा त्यातूनच जाते आणि एक्सेसची रक्कम, म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपण सोसायचा ठरलेला वाटा, आपल्या खिशातून.

दुसरी मोठी चूक व्हॉट्सॲपवर होते. सेक्रेटरी लिहितात, “साहेब, तुम्ही बघून गेलात तरी बीमला तडा गेलाय.” आपण संबंध बिघडू नयेत म्हणून लिहितो, “माझ्याकडून राहिलं असेल, फुकट पुन्हा तपासून देतो.” विमा कंपनीची संमती न घेता चूक कबूल केली, तर पॉलिसीची अट मोडते. वकिलाच्या नोटिशीची वाटही पाहू नका. असा मेसेज आला की तो लगेच विमा कंपनीला कळवा आणि सेक्रेटरींना फक्त “पाहून सांगतो” एवढंच लिहा.

चाचणीसाठी काँक्रीटचा नमुना (कोअर) कापून काढताना त्याचा तुकडा खालच्या माणसाला लागला, तर ती सल्ल्यातली चूक नव्हे. त्याला पब्लिक लायबिलिटी पॉलिसी लागते आणि दोरांनी टांगलेल्या झुल्यावरचा आपला माणूस पडला तर कामगार भरपाईची. तिन्ही वेगळ्या.

सी-१, म्हणजे ‘अतिधोकादायक’ या पालिकेच्या वर्गाबद्दल तर फारच सावध राहा. इमारत अतिधोकादायक ठरली की ती रिकामी करावी लागते. त्यामुळे पुनर्विकासासाठी घाई झालेले लोक सी-१ मागतात आणि घर सोडायची भीती वाटणारे भाडेकरू दुसऱ्या इंजिनियरकडून सी-२बी, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती चालेल असा शेरा, आणतात. रिपोर्टांत तफावत निघाली की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. तिथे आपला सी-१ रिपोर्ट टिकला नाही, तर भाडेकरू जाणूनबुजून खोटा दाखला दिल्याचा आरोप करतात. प्रामाणिक चुकीला विमा आहे, लबाडीला नाही. फौजदारी शिक्षाही कुठलाच विमा भरत नाही.

अशा वेळी क्लेम टिकतो तो साइटवरच्या नोंदींवर. यूपीव्ही (ध्वनिलहरींनी) आणि रिबाउंड हॅमर (हातोड्याने) या काँक्रीटच्या चाचण्यांचे आकडे कुठल्या कॉलमचे, हे नकाशावर दाखवा. बाहेरच्या लॅबकडून चाचण्या केल्या असतील, तर त्यांच्या सहीचे मूळ कागद मागून घ्या. आणि बंद फ्लॅट! कुणी गावाला गेलेलं असतं, कुणी दार उघडत नाही आणि आपण “संपूर्ण इमारत पाहिली” असं लिहून मोकळे होतो. न पाहिलेल्या प्रत्येक फ्लॅटचा नंबर आणि तारीख रिपोर्टात लिहा, कुलपाचा फोटो जोडा आणि त्या पानावर सेक्रेटरींची सही घेऊनच साइट सोडा.