जपानमध्ये नव्याने आलात? आधी सॅलरी स्लिप वाचा, मग जिना ओळखा

मला चाळीस पूर्ण झाली आणि सॅलरी स्लिपवर कपातीच्या रकान्यात एक नवी ओळ आली, काइगो होकेन. म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा. तेव्हा मला जपानमध्ये येऊन बारा वर्षं झाली होती. या देशात म्हातारी माणसं खूप आहेत हे रोज दिसतच होतं, पण त्यांचं म्हातारपण माझ्या पगाराला नेमकं कुठे जोडलेलं आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजून घेतलं. तुम्हाला बारा वर्षं थांबावं लागू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी आकडे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. इथे दर १०० माणसांत २९ जण पासष्टच्या पुढचे आहेत. लोकसंख्या २००८ च्या सुमारास १२ कोटी ८० लाखांवर जाऊन उतरणीला लागली. २०२४ मध्ये सुमारे ६ लाख ८६ हजार जपानी बाळं जन्मली, सात लाखांच्या खाली पहिल्यांदाच. १५ ते ६४ या कमावत्या वयातली माणसं १९९५ च्या आसपास ८ कोटी ७० लाख होती, आता साधारण ७ कोटी ४० लाख आहेत. तुम्हाला इथे नोकरी मिळाली यात तुमची मेहनत आहेच, पण सव्वा कोटीहून मोठी ही तूटही आहे.

हा बदल तिजोरीला कसा जाणवतो, याचं एक उदाहरण माझ्या मनात घर करून बसलंय. शंभरी गाठणाऱ्यांना सरकार चांदीचा साके-पेला भेट देतं. ही प्रथा सुरू झाली त्या १९६३ साली देशात शंभरी ओलांडलेले १५३ जण होते. २०२४ मध्ये ते ९५,११९ झाले. २०१६ पासून पेला शुद्ध चांदीचा राहिला नाही, चांदीचा मुलामा दिलेला झाला.

आता सॅलरी स्लिप. सगळ्यात मोठी कपात बहुधा कोसेइ नेनकिनची, म्हणजे पेन्शनची असेल. दर १८.३ टक्के, निम्मा तुमचा, निम्मा कंपनीचा. नवीन आलेली बरीच मुलं म्हणतात, ‘आपण म्हातारे होईपर्यंत इथे थोडेच राहणार, पैसे गेलेच की.’ हे पैसे तुमच्या नावाच्या खात्यात साठत नाहीत हे खरं. आज कापलेले पैसे मुख्यतः आजच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला जातात. पण तुमचे महिने मोजले जातात, आणि तेच महत्त्वाचं. हक्कासाठी पूर्वी २५ वर्षं भरावी लागत, २०१७ पासून १० पुरतात. भारत आणि जपानमधला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे ही दहा वर्षं भरतात का हे पाहताना भारतातला काळही धरला जातो. भारतातल्या कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी तुम्हाला इथे पाठवलं असेल, तर ई.पी.एफ.ओ.चं प्रमाणपत्र आणा, इथली पेन्शन कपात होणार नाही.

देश सोडताना लोक घाईघाईने दत्ताइ इचिजिकिन काढतात, म्हणजे एकरकमी परतावा. देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. दहा वर्षं पूर्ण झाली असतील तर तो मिळत नाही, पेन्शनच मिळते. आणि एकदा परतावा घेतला की मागचे सगळे महिने पुसले जातात, कराराखाली जोडण्यापुरतेही उरत नाहीत. माझ्या एका मित्राने सात वर्षांनी पैसे उचलले, तीन वर्षांनी तो इथे परत आला आणि शून्यापासून सुरुवात केली. जाणं नक्की नसेल तर हात लावू नका. वाढदिवसाच्या महिन्यात दरवर्षी नेनकिन तेइकिबिन नावाचं पत्र येतं, ते कचऱ्यात टाकू नका. त्यात तुमचे महिने लिहिलेले असतात. नोकरी बदलताना मध्ये दोन महिने रिकामे गेले तर कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जाऊन कोकुमिन नेनकिन, म्हणजे राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता, भरा. पुढे पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज करताना पेन्शन आणि आरोग्य विमा वेळेवर भरलाय का, हे बारकाईने पाहतात.

ऑफिसात तुम्हाला एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. कोपऱ्यातल्या टेबलावर ६३ वर्षांचे गृहस्थ डेटा तपासत बसलेले असतील आणि त्यांचा बॉस ४५ चा असेल. बहुतेक कंपन्यांत तेइनेन, म्हणजे निवृत्ती, साठीला होते, पण ६५ पर्यंत काम देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि एप्रिल २०२१ पासून सत्तरीपर्यंत सोय करण्याचा प्रयत्न करणं हेही कंपनीचं कर्तव्य ठरलंय. म्हणून साइकोयो होतं, त्याच माणसाला करारावर परत घेतात, पगार पुष्कळ कमी. हे गृहस्थ कधीकाळी त्या बॉसचे बॉस असू शकतात. त्यांच्याकडे अदबीने जा. माझ्या पहिल्या कंपनीत जुन्या सिस्टीमचं पान न् पान पाठ असलेले असेच एक जण होते. मी जी जपानी आज बोलतो ती त्यांनी जेवणाच्या सुट्टीत शिकवलेली आहे.

काइगोच्या कामासाठी येणाऱ्यांना वेगळं सांगतो. तोकुतेइ गिनो, म्हणजे ठरावीक क्षेत्रांतल्या कुशल कामगारांचा व्हिसा, एप्रिल २०१९ पासून आहे आणि भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्याची पहिली पायरी पाच वर्षांची, कुटुंब आणता येत नाही. त्या पाच वर्षांत काइगो फुकुशिशीची, म्हणजे प्रमाणित शुश्रूषा कर्मचाऱ्याची, राष्ट्रीय परीक्षा पास झालात तर काइगो व्हिसा मिळतो, तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो आणि बायको-मुलांना आणता येतं. म्हणून पहिल्या दिवसापासून अभ्यास. जपानी भाषेच्या एन-४ पातळीवर प्रवेश मिळेल, पण नव्वदीच्या आजी पुस्तकातली जपानी बोलत नाहीत.

घर बघताना भाड्याइतकंच बसचं वेळापत्रक बघा. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून फेऱ्या कमी होताहेत. ओसाकाजवळच्या तोंदाबायाशी भागात तर एका बस कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सगळे मार्गच बंद केले. मुलं असतील तर जवळची शाळा दुसरीत विलीन होणार आहे का, हेही विचारा. आणि स्वस्त अकियाचे, रिकाम्या घरांचे व्हिडिओ पाहून हुरळून जाऊ नका. २०२३ च्या पाहणीत अशी ९० लाख घरं निघाली. घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही, कर मात्र दरवर्षी भरावा लागतो, आणि गाव ओस पडलं की दवाखानाही दूर जातो.

मी यू.आर. या सरकारी गृहसंस्थेच्या जुन्या दान्चीत, म्हणजे वसाहतीत, राहतो. हमीदार लागत नाही, रेइकिन, म्हणजे घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, नाही, म्हणून आपली बरीच मंडळी अशा इमारतींत येतात. चार मजले, लिफ्ट नाही, आणि जिन्यातले निम्मे शेजारी ७५ च्या पुढचे. इथे काइरानबान फिरतं, म्हणजे जिचिकाईच्या, इथल्या रहिवासी मंडळाच्या, सूचनांची पाटी. वाचायची, आपल्या चौकटीत शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराला अडकवायची. मी आलो तेव्हा आमच्या जिन्याचे आठ शिक्के असायचे, आता पाच असतात.

दोन वर्षांपूर्वी ती पाटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या दाराला दोन दिवस लटकत राहिली. त्या पाटी कधी तासभरही ठेवत नसत. मी बेल वाजवली, हाक मारली, मग चिइकि होकात्सु शिएन सेंटरला फोन केला. प्रत्येक भागात असं केंद्र असतं, वृद्धांबद्दलची कुठलीही काळजी तिथे सांगता येते. तासाभरात दार उघडलं. आजी न्हाणीघराच्या दारात पडलेल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं, शुद्ध होती. २०२४ मध्ये घरात एकटे असताना वारलेल्यांचा पोलिसांकडचा आकडा ७६ हजारांच्या वर आहे. आजी त्यात नाहीत.

आता त्यांना योकाइगो २, म्हणजे शुश्रूषेच्या गरजेचा दुसरा दर्जा मिळालाय. मंगळवारी आणि शुक्रवारी डे सर्व्हिसची, म्हणजे वृद्धांच्या दिवसभराच्या शुश्रूषा केंद्राची, पांढरी गाडी येते, दोन कर्मचारी त्यांना धरून तीन मजले उतरवतात. खर्चाचा दहावा हिस्सा आजी देतात. उरलेल्यात निम्मं करातून येतं, निम्मं काइगो होकेनच्या हप्त्यांतून, माझ्या स्लिपवरच्या त्या ओळीतून. ती गाडी दिसली की मला ती कपात डोळ्यांसमोर दिसते, आणि मनापासून सांगतो, ती खुपत नाही.

तेव्हा फोनमध्ये तुमच्या भागातल्या त्या केंद्राचा नंबर आजच टाका. जिचिकाईत नाव घाला, महिन्याचे काहीशे येन असतात. भूकंप झाला तर कोणत्या मजल्यावर कोण एकटं आहे हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि तुम्ही कोणत्या घरात आहात हेही.

शेवटचा विषय तुमच्या स्वतःच्या आईवडिलांचा. त्यांना कायमचं इथे आणता येईल असा सर्वसाधारण व्हिसा नाही. उच्च कौशल्य व्हिसावर, मूल सात वर्षांहून लहान असेल आणि घरचं उत्पन्न ८० लाख येन असेल, तर आणता येतं, तेही मूल लहान आहे तोवर. पण काइगो क्युग्यो नावाची रजा आहे. घरातल्या एका आजारी माणसामागे ९३ दिवस, तीन हप्त्यांत घेता येते, आईवडील वेगळे राहत असले तरी. रोजगार विम्यातून पगाराच्या ६७ टक्के मिळतात. नानांना पक्षाघात झाला तेव्हा मी वार्षिक रजा संपवली आणि मग बिनपगारी राहिलो. कंपनीत कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुम्ही डॉक्टरांचं पत्र आणि त्याचं जपानी भाषांतर घेऊन एच.आर.कडे जा. अर्ज रजेच्या दोन आठवडे आधी द्यावा लागतो.