इन विच, टू हूम, ऑन विच: विचच्या आधी नेमकं कोणतं प्रिपोझिशन लावायचं?

इंग्रजी बऱ्यापैकी येणारी माणसंसुद्धा इथे हमखास अडतात, म्हणजे बोलताना नाही, लिहिताना. ईमेल किंवा ॲडमिशनसाठीचं एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज) लिहायला बसलं की "द कंपनी इन विच" का "द कंपनी फॉर विच" का नुसतंच "विच", आणि मग बराच वेळ घुटमळून शेवटी "इन विच" टाकून देतात कारण ते ऐकायला भारदस्त वाटतं. प्लीज असं करू नका, यात अंदाजाने करण्यासारखं जवळपास काहीच नाहीये.

मूळ गोष्ट एवढीच की ते प्रिपोझिशन विचचं नसतंच. ते असतं पुढच्या वाक्यातल्या व्हर्बचं, किंवा ॲडजेक्टिव्हचं, किंवा नाऊनचं. म्हणून आधी वाक्याचे दोन तुकडे करा आणि दुसऱ्या तुकड्यात इट, हिम, देम असं साधं सर्वनाम ठेवा. "धिस इज द कंपनी. आय वर्क फॉर इट." आता इटच्या जागी विच आणा आणि त्याच्या आधीचं फॉरसुद्धा सोबत उचलून कंपनीला चिकटवा: "धिस इज द कंपनी फॉर विच आय वर्क." माणूस असेल तर हूम. "आय मेट द मॅनेजर. यू स्पोक टू हिम." याचं झालं "आय मेट द मॅनेजर टू हूम यू स्पोक." हिम, देम, हूम तिन्ही म वर संपतात, तेवढं लक्षात ठेवलं की हू का हूम हा गोंधळ पण मिटतो. आणि कुणाच्या तरी मालकीचं असेल तर हूज: "द फॅमिली इन हूज हाऊस वुई स्टेड", ज्यांच्या घरी आम्ही उतरलो ती फॅमिली. प्रिपोझिशनच्या लगेच पुढे दॅट कधीच येत नाही, "द हाऊस इन दॅट आय लिव्ह" हे सरळ चूक आहे, आणि लिहिताना "टू हू" पण नको.

आता आपल्या मराठी लोकांसाठी यात एक मोठी सोय आहे आणि त्याच सोयीत एक मोठा खड्डा पण आहे. सोय अशी की आपण मराठीत हेच रोज करतो: ज्या घरात मी राहतो, ज्या मुलीशी मी बोललो, ज्या खुर्चीवर बसलो. प्रत्यय आपण "ज्या"वाल्या भागातच लावतो, वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवत नाही, त्यामुळे "इन विच"ची रचना आपल्याला परकी वाटायचं कारणच नाही. पण खड्डा असा की मराठी प्रत्यय बघून इंग्रजी प्रिपोझिशन ठरवलं की बऱ्याचदा फसतं. सगळ्यात जास्त फसवतो तो "ला". "ज्या मुलीला मी पुस्तक दिलं" इथे "टू हूम आय गेव्ह द बुक" बरोबर, पण "ज्या मुलीला मी ओळखतो" इथे टू येतच नाही, नुसतं "हूम आय नो", कारण इंग्रजीत "आय नो हर" म्हणतात. आणि "ज्या कुत्र्याला मी घाबरतो" तिथे चक्क ऑफ येतं, "द डॉग ऑफ विच आय ॲम अफ्रेड". तीन वाक्यांत मराठीत तोच "ला" आणि इंग्रजीत तीन वेगळी उत्तरं.

"ने"चं तसंच. ज्या पेनने मी लिहितो ते "द पेन विथ विच आय राईट", पण ज्या ट्रेनने आलो ती "द ट्रेन ऑन विच आय केम" (बाय विच पण चालतं). "शी" म्हटलं की सगळे विथ लावतात, पण लग्न ज्याच्याशी झालंय तो "द मॅन टू हूम शी इज मॅरीड". "वर"चं बघा, आपण रायगडावर राज्याभिषेक म्हणतो, पण इंग्रजीत किल्ल्याला ॲट जास्त बरं बसतं: "रायगड इज द फोर्ट ॲट विच शिवाजी महाराज वॉज क्राऊन्ड इन 1674." आणि ज्या विषयावर आपण चर्चा केली, इथे तर काहीच लावायचं नाही, कारण डिस्कसला प्रिपोझिशन लागत नाही, फक्त "द टॉपिक विच वुई डिस्कस्ड". ज्या हॉटेलात शिरलो तेही "द हॉटेल विच वुई एंटर्ड", एंटरला इनटू लागत नाही. म्हणून व्हर्ब पाठ करताना त्याच्या सोबतचं प्रिपोझिशन पण पाठ करा, डिपेंड ऑन, बिलाँग टू, वेट फॉर, कन्सिस्ट ऑफ, असं जोडीनेच. नवीन व्हर्ब वहीत एकटं लिहू नका.

दुसरी एक चूक खास आपल्या भाषेतून येते. मराठीत "ज्या" आला की "तो" किंवा "त्या" येतोच, ज्या मुलाशी मी बोललो तो मुलगा पुण्याचा आहे. हेच डोक्यात धरून इंग्रजी केलं की "द बॉय टू हूम आय स्पोक ही इज फ्रॉम पुणे" असं होतं, किंवा "द बॉय टू हूम आय स्पोक टू हिम". इंग्रजीत हूमने ती जागा भरलेली असते, परत ही किंवा हिम आणायचं नाही. बरोबर वाक्य: "द बॉय टू हूम आय स्पोक इज फ्रॉम पुणे."

आणि डबल प्रिपोझिशन, हे तर बायोडाटामध्ये, नोटिशींमध्ये सगळीकडे दिसतं: "द हाऊस इन विच आय लिव्ह इन". एकदा पुढे नेलंत की मागचं काढा. "द प्लेस व्हेअर आय लिव्ह इन" यातही तीच गडबड आहे, कारण व्हेअरच्या पोटात इन किंवा ॲट आधीच आहे. तसंच व्हेन म्हणजे ऑन विच, इन विच किंवा ॲट विच, तारीख असेल तर ऑन: "1 मे 1960 इज द डे ऑन विच महाराष्ट्र वॉज फॉर्म्ड", महिना किंवा वर्ष असेल तर इन. रीझनसोबत व्हाय किंवा फॉर विच. फक्त "वे" या शब्दाला हाऊ लावायचं नाही, "द वे हाऊ ही टॉक्स" चूक, "द वे इन विच ही टॉक्स" किंवा नुसतं "द वे ही टॉक्स".

मग प्रश्न येतो की प्रिपोझिशन पुढे आणलंच पाहिजे का? नाही. "द कंपनी आय वर्क फॉर" हे अस्सल इंग्रजी आहे, बोलताना बहुतेक इंग्रज लोक असंच म्हणतात, आणि शेवटी ठेवलं तर दॅट पण चालतं, काहीच नाही ठेवलं तरी चालतं. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन वाईट ही कुरकुर इंग्रज कवी जॉन ड्रायडनने 1672 मध्ये केली, तीही बेन जॉन्सनसारख्या मोठ्या नाटककाराच्या ओळीवर, आणि नंतर स्वतःच्या जुन्या लिखाणातली शेवटची प्रिपोझिशनं बदलून टाकली. पुढे 1762 मध्ये रॉबर्ट लाउथने आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलं की गप्पांमध्ये शेवटी ठेवणं रूळलेलंच आहे, गंभीर लेखनाला मात्र आधी ठेवणं जास्त शोभतं. माझ्या मते आजही हाच सल्ला सगळ्यात उपयोगी आहे. व्हॉट्सॲपवर "द गाय टू हूम आय वॉज टॉकिंग" लिहिलंत तर समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, आणि थिसिसमध्ये "द डेटा वुई लुक्ड ॲट" सैल वाटेल.

काही ठिकाणी मात्र चॉईस नसतो. ड्युरिंग शेवटी लोंबकळत ठेवता येत नाही, "द मीटिंग ड्युरिंग विच द पॉवर वेंट ऑफ" असंच लिहावं लागतं, बिकॉज ऑफ विच, ॲज अ रिझल्ट ऑफ विच यांचंही तसंच. उलट फ्रेझल व्हर्ब तोडता येत नाही. लुक अप म्हणजे डिक्शनरीत शोधणं, तो एकच शब्द समजा, म्हणून "द वर्ड विच आय लुक्ड अप", "अप विच आय लुक्ड" कधीच नाही. पुट अप विथ, लुक आफ्टर यांनाही हात लावू नका.

संख्या सांगताना ऑफ विच आणि ऑफ हूम फार कामाचे आहेत आणि लोक ते वापरतच नाहीत, त्याऐवजी दोन वाक्यं कॉमाने जोडतात जे इंग्रजीत चूक धरतात. "महाराष्ट्र हॅज 36 डिस्ट्रिक्ट्स, सेव्हन ऑफ देम आर इन कोकण डिव्हिजन" यात देमच्या जागी विच टाका की वाक्य दुरुस्त: "36 डिस्ट्रिक्ट्स, सेव्हन ऑफ विच आर इन कोकण डिव्हिजन". माणसं असतील तर मेनी ऑफ हूम, बोथ ऑफ हूम, नन ऑफ हूम. आधी कॉमा विसरू नका.

आयईएल्टीएस किंवा रिसर्च पेपर लिहिणाऱ्यांनी या काही जोड्या तोंडपाठच कराव्यात: द एक्स्टेंट टू विच, द रेट ॲट विच, द एज ॲट विच, द ईझ विथ विच. इथे प्रिपोझिशन त्या नाऊनच्या सवयीने ठरतं. रेट म्हटलं की ॲट, "ॲट अ हाय रेट" म्हणतो ना, मग "द रेट ॲट विच प्रायसेस आर रायझिंग".

एक छोटी रचना अजून, टूवालं व्हर्ब: "अ हाऊस इन विच टू लिव्ह". हे "अ हाऊस टू लिव्ह इन" असंही होतं, पण "अ हाऊस विच टू लिव्ह इन" होत नाही, विच ठेवायचा असेल तर इन पुढेच हवं.

बोनाफाईड सर्टिफिकेटवर सगळ्यांनी वाचलेलं "टू हूम इट मे कन्सर्न" बघून मात्र शिकू नका. तिथलं टू कन्सर्नचं नाहीच, ते पत्र कुणाला उद्देशून आहे त्याचं आहे, कन्सर्नला टू लागतच नाही. त्यावरून कोणी "द पीपल टू हूम धिस कन्सर्न्स" लिहितात ते चूक, "द पीपल हूम धिस कन्सर्न्स" हवं.

आता हे तीन करून बघा: ज्या डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे, ज्या पुलाखालून नदी वाहते, ज्या निकालाची आम्ही वाट बघतोय. दोन तुकडे करा, इट किंवा देम ठेवा, मग उचला. पहिल्यात इन येईल (ट्रस्ट हे व्हर्ब घेतलंत तर काहीच नाही, पण बिलीव्ह किंवा फेथ घेतलंत तर इन), दुसऱ्यात अंडर, आणि तिसऱ्यात वेट घेतलंत तर फॉर, अवेट घेतलंत तर नुसतं विच.